मातीचं माहेर

आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सत्यवती माहेरी आली, तेव्हा तिला न्यायला फाट्यावर कोणीच आलं नव्हतं. एरवी दोन मोटारसायकली यायच्या, एक धाकट्या भावाच्या मुलाची, बंडूची, आणि एक थोरल्याच्या नातवाची, शिवमची. दोघंही एकमेकांकडे न बघता तिच्याकडे बघत उभे राहायचे. मग ती एका वर्षी एकीवर बसायची, दुसऱ्या वर्षी दुसरीवर, आणि बसली नाही त्याची दिवसभर समजूत काढायची. यंदा तिवसा सोडल्यावर एसटीतूनच तिने दोघांना फोन लावले. कोणी उचलला नाही.

"तुमचे दोनी घरं वावरात हायेत बाई," चहाच्या टपरीवरून पार्बताबाईनं सांगितलं. "भांडून राहिले."

"कशावरून वो?"

"मातीवरून म्हन्तेत."

"म्हणजे वावरावरून."

"नाई ना. मातीवरूनच. ट्रॉलीत भरेल मातीवरून."

ऐंशीला टेकलेला एक भाऊ, दुसऱ्या भावाची पंच्याहत्तरी पार केलेली बायको, आणि भांडण कशाचं तर ट्रॉलीभर मातीचं. सत्यवतीला हसू आलं. तिनं पिशवी टपरीतच ठेवली, पदर डोक्यावर ओढला आणि उन्हात पायी निघाली.

फाट्यापासून थोडं चाललं की तिच्या बापाचं, पुंजाजीचं वावर दिसतं. लांबून अजूनही ते एकच वाटतं. वरचा चढाचा तुकडा बोरीचं वावर, खालचा लवण. लवण म्हणजे खोलगट जागा, जिथं पाणी आणि माती दोन्ही येऊन थांबतात. आता वरचा तुकडा टक्कल पडल्यासारखा तांबडा-पांढुरका दिसत होता आणि खालचा काळाभोर, हात जाईल एवढ्या भेगा पडलेला. सत्यवतीच्या लहानपणी हे बरोबर उलट होतं. म्हणजे रंग तसाच, पण मान उलटा. बोरीच्या वावरात हलकी, भुसभुशीत, पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी पाय ठेवता येईल अशी माती होती आणि तिथली ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. लवणात मात्र श्रावणात बैल पोटापर्यंत रुतायचे. वाटणी झाली तेव्हा थोरल्या देवीदासनं मोठेपणाचा हक्क म्हणून बोरीचं वावर मागून घेतलं आणि धाकट्या सूर्यभानच्या वाट्याला लवण आलं. त्या दिवशी साऱ्या गावानं सूर्यभानची कीव केली होती.

पुंजाजी होता तोवर आखजीचा एक रिवाज होता. गावात दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता, म्हणून लोक हसायचेही. दोन्ही वावरांच्या मध्ये त्यानं गोट्यांचा धुरा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, रचला होता. पावसाळाभर बोरीच्या वावरातली माती वाहत यायची आणि त्या धुऱ्याला येऊन अडायची. आखजीला लेकी माहेरी आल्या की पुंजाजी सगळ्यांच्या हातात टोपलं द्यायचा. धुऱ्याशी साचलेली माती भरायची आणि चढावर नेऊन टाकायची. "तुमी कशा सासरून आल्या? तशीच तिलेबी आणाची," तो म्हणायचा. "मातीले माहेराले नेऊन राहिलो आपण." जावयांनाही टोपलं चुकत नसे. सत्यवतीचा नवरा अकोल्याच्या जुन्या शहरातला कापडवाला, लग्नानंतरच्या पहिल्या आखजीला पांढरी पॅंट घालून आला होता. ती पॅंट पुढं कधीच पांढरी झाली नाही. तो मात्र मरेपर्यंत ती गोष्ट गिऱ्हाइकांना हसून सांगायचा.

चढाच्या टोकाला टोपली रिकामी झाली की पुंजाजी मुरमाचा खडा बोटांनी चुरून दाखवायचा. "गोटा सडला की मुरूम होते, मुरूम सडला की माती. पन बोटभर माती व्हाले आपल्यासारख्या किती पिढ्या जातीन, मले ठाऊक नाई. अन् जाले एक पाऊस पुरते." पोरांना त्यातलं काही कळत नसे. त्यांचं लक्ष घरी काढून ठेवलेल्या आमरसाकडे असायचं.

वाटणीनंतर रिवाज आपोआप बंद पडला. माती देवीदासच्या हद्दीत होती, पण ती वर न्यायला सगळं घर लागायचं आणि आता घरं दोन होती. देवीदास धारणीला मास्तर. वावर दुसऱ्याला वाहायला दिलेलं, आणि त्या माणसानं ट्रॅक्टर आणून वरून खाली, उताराच्या दिशेनं सरळ नांगरट केली. वळणं वाचतात म्हणाला. नांगराचं प्रत्येक तास म्हणजे पाण्याची एक नाली झाली. पुढच्या पावसाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस आला, आणि दिवाळीला देवीदास मास्तर धारणीहून येऊन बघतात, तर धुरा जागेवर नाही. एक गोटासुद्धा नाही. नेमकं त्याच साली सूर्यभानच्या गोठ्याला नवा दगडी पाया आला होता.

"धुरा कोरला त्यानं," देवीदास मास्तर भर चावडीत म्हणाले.

वऱ्हाडात कोणाला काहीही म्हणावं, लबाड म्हणावं, दारुड्या म्हणावं, तो माणूस चार दिवसांत विसरतो. पण धुरा कोरला म्हटलं की त्या माणसाच्या सात पिढ्या मातीत जातात. सूर्यभाननं गोट्याच्या गाड्या कुठून आणल्या ते सांगितलं, बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. कोणी मानलं नाही. पंचांनी अंदाजानं नवा धुरा घातला, सिमेंटचे खांब रोवले, आणि दोन भावांचं बोलणं जे थांबलं ते थांबलंच. आखजीला पितरांसाठी पाण्याची घागर दोन्ही घरांत भरली जाऊ लागली. बाप एकच होता. "बाबा आधी कोणाकडे जातीन पाणी प्याले?" असं सत्यवती थट्टेनं विचारायची, आणि दोन्ही घरांत कोणी हसायचं नाही. तीन वर्षांपूर्वी देवीदास मास्तर गेले. सूर्यभान स्मशानाबाहेरच्या बाभळीखाली उभा राहिला आणि तिथूनच परतला.

ती वावरात पोचली तेव्हा बंडूनं लवणाच्या वरच्या अंगाला शेततळ्यासाठी लावलेलं जेसीबी मशीन थांबलेलं होतं. वीटभट्टीला जाणाऱ्या मातीची ट्रॉली अर्धी भरून उभी होती आणि तिच्या दांड्यावर पाय ठेवून शिवम उभा होता.

"तुया मातीवर तुयं नाव लिहेल हाय काय बे?" बंडू विचारत होता.

"लिहाची गरजच नाई काका. वर पाह्य अन् खाली पाह्य. आमचं वावर कुठी गेलं मंग? विमानात बसून गेलं काय?"

"पाण्यानं आणलं, म्या नाई आणलं. ज्याच्या वावरात पडलं त्याचं."

"अन् भट्टीवाल्याले देऊन राहिला! विटा पाडाले!"

"शेततळं खांदलं तं माती कुठी तरी टाकाच लागन ना?"

"आमच्या वावरात टाक."

"सकाऊन दोन ट्रॉल्या नेल्या तवा कोनी अडवलं तुले?"

सत्यवतीला बघून दोघं गप्प झाले. मग दोघांनाही फाट्यावर यायचं राहून गेल्याचं आठवलं आणि दोघांचे चेहरे सारखेच पडले. तेवढ्यापुरते ते अगदी सख्खे वाटले.

"फोन तरी उचलाचा," ती म्हणाली. "वयनी कुठी हाये?"

शिवमनं हनुवटीनं वर दाखवलं. नव्या खांबांच्या पलीकडं, बोरीच्या सावलीत मैनाबाई, देवीदासची बायको, बसली होती. लवणात पाय ठेवणार नाही असं ती त्या दिवाळीला म्हणाली होती. अजूनपर्यंत तिनं तो ठेवला नव्हता.

"आत्याआजी, तुले सांगून ठेवतो," शिवम म्हणाला, "आखजी झाली का आमच्याबी वावरात मशीन लागते. वर आता निव्वळ मुरूम उरला. रस्त्यावाला मागून राहिला, मी हो म्हणून दिलं. काही पिकतच नाई तं काय त्याची आरती करू?"

"खदान करतं बोरीच्या वावराची?"

"मंग काय करू? तूच सांग."

खदान झालेली वावरं सत्यवतीनं बडनेऱ्याकडे एसटीतून पाहिली होती. नुसते खड्डे, त्यात हिरवं पाणी, आणि काठावर कुत्री. तिथं पुन्हा मुरूम होत नाही, मग माती कुठली? आपण जन्मलो ते घर पडलं तेव्हाही तिला एवढं वाईट वाटलं नव्हतं. घर पुन्हा बांधता येतं. तिच्या मनाशी स्पष्ट झालं, की हे वावर गेलं तर तिला माहेर असं काही उरणारच नाही. दोन घरं उरतील, जेवायला बोलावणारी.

"ते मशीन चालू कर रे लल्या," बंडू ऑपरेटरकडे वळून ओरडला. ललित तिवस्याचा. दोन घरांच्या भांडणात पडायचं नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मशीन चालू केलं आणि तळ्याची वरची बाजू रुंद करायला घेतली. शिवम ट्रॉलीवरून हलला नाही.

कडुनिंबाखाली सूर्यभान बाजेवर बसला होता. भांडणात तो एक शब्द बोलला नव्हता. सत्यवती शेजारी बसली तशी त्याची नात प्रणाली माठातलं पाणी घेऊन आली. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होती आणि सुट्टीला आली होती.

"भाऊ, शिवमचं बरोबर हाये," सत्यवती हळूच म्हणाली. "माती तिकडचीच हाये."

"असंन."

"मंग दे ना."

"माती देल्ली का म्हन्तीन, पाह्य, धुरा कोरला होता म्हणून देऊन राहिला. गप बसलो तं माती खाल्ली म्हन्तीन. मी काय करू सत्ये?" तो तिच्याकडे वळला. "तूबी तं कधी म्हटलं नाई, का भाऊ चोर नोहे म्हणून."

"मी कधी तुले चोर म्हटलं?"

"नाई म्हटलं. पन 'नोहे' असंबी नाई म्हटलं. तू म्हटलं, मी कोनाच्याच बाजूनं नाई."

त्या वाक्याचा तिला आजवर अभिमान होता. दोन्ही घरांत तिचा मान होता तो त्याच वाक्यामुळे. आता ते भावाच्या तोंडून ऐकताना तिला ते फार हलकं वाटलं.

तेवढ्यात मशीनचा आवाज बंद झाला.

"काकाजी, गोटे लागले," ललितनं खाली वाकून हाक मारली. "बंडूभाऊ, रांगेत लागले, पाहा."

काळ्या मातीच्या लवणात गोटा लागणं हीच नवलाची गोष्ट, त्यात रांगेत. सत्यवती बंडूच्या मागोमाग खड्ड्याच्या काठाशी गेली. मशीननं कापलेल्या उभ्या भिंतीत, वरून हातभर खाली, गोट्यांची ओळ आडवी गेलेली दिसत होती. कुठं वाकलेली, एखादा गोटा कलंडलेला, पण ओळ तुटलेली नव्हती. एकावर एक, मध्ये चिपा ठोकून बसवलेले. आणि त्या ओळीत एक सपाट गोल दगड, मध्ये खुंट्याचं भोक असलेला.

ती आईच्या फुटक्या जात्याची तळी होती, पुंजाजीनं धुऱ्यात बसवलेली. लहानपणी टोपलं रिकामं करून दमलं की सत्यवती तिच्यावरच बसायची, थंड असायची म्हणून.

तिनं भावाकडे बघितलं. सूर्यभान बाजेवरून उठून अर्ध्या वाटेत आला होता. बंडूनं आधी गोटे बघितले, मग मान वर करून पंचांचे सिमेंटचे खांब बघितले. खांब वर होते, चांगले लांब. मधला पट्टा त्याच्या डोळ्यांनीच मोजला. त्याचा चेहरा बघता बघता बदलला.

"लल्या, ते मागची माती टाक त्याच्यावर. बुजव."

"बंडू!"

"आत्या, तुले समजून नाई राहिलं. हा धुरा इथं असंन तं खांबापावतर त्याईचं. अर्धं तळं त्याईच्या हद्दीत जाते. अन् माती वेगळीच. त्या शिवम्यानं पाहिलं तं सोडन काय? आपण म्हन्तो काही दिसलंच नाई. बुजव रे!"

ललितनं लिव्हरवर हात ठेवला आणि तसाच थांबला. सूर्यभान तोवर काठाशी पोचला होता. त्यानं बंडूच्या खांद्याचा आधार घेतला, उताराच्या बाजूनं खड्ड्यात उतरला आणि जात्याच्या तळीवरून हात फिरवू लागला. भोकातली माती बोटानं काढली. सगळे बघत होते.

"इतकी वर्सं आपल्याले कसे लागले नाई हे?" बंडू पुटपुटला.

"लवणात नांगर कधी घातला आपण? वखर फिरवतो. वखर काय, वीतभर खाली जाते."

प्रणालीही खाली उतरली होती. भिंतीतल्या मातीचा एक लपका काढून तिनं तळहातावर मोडला. "आबा, हे पाहा. गोट्यांच्या वर जे आहे ना, त्यात मुरमाचे लाल खडे आहेत. हे इथलं नाही, आलेलं आहे. अन् गोट्यांच्या खाली सगळं चकाकतं, चिकट. ते इथलंच. भेगा पडून, फुगून, तिथल्या तिथं उलथं-पालथं होत राहिलेलं." मग ती क्षणभर थांबली. "म्हणजे धुरा कोणी काढलाच नव्हता. माती वरून आली अन् त्याला गिळून बसली."

"मले काहून सांगतं?" सूर्यभान म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मले माहीत नोहतं काय, म्या नाई काढला म्हणून? वयनीले बोलाव."

"बाबा, इचार करा," बंडू म्हणाला.

"इचारच करून राहिलो इतकी वर्सं. दुसरं केलं काय? पट्टा जाते तं जाऊ दे. मले चोर म्हणून मरू नको देऊ बंड्या."

बंडूनं तोंड फिरवलं. त्याला राग आला होता आणि राग कोणावर करावा ते समजत नव्हतं. शेवटी त्यानंच ट्रॉलीकडे बघून हाक मारली, "शिवम्या! आजीले घेऊन ये खाली."

मैनाबाई खांबापर्यंत आली आणि थांबली. तिनं तिथूनच विचारलं, "काय हाये?"

"वयनी, ये," सत्यवती म्हणाली. "धुरा भेटला."

"कोनाच्या गोठ्यात?"

"इथंच. जिथं होता तिथंच. भाऊनं नाई काढला वयनी. भाऊ चोर नोहे." हे म्हणायला एवढी वर्षं लागली याची तिला लाज वाटली, पण म्हणून झाल्यावर बरंही वाटलं.

मैनाबाईनं खांबाकडे बघितलं, मग पायांकडे. मग तिनं शिवमचा हात धरला आणि लवणात पाय ठेवला. खड्ड्याच्या काठावर ती बसली, कारण उतरणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. गोट्यांची ओळ तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. तळीवर तिची नजर बराच वेळ थांबली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा ते जातं शाबूत होतं. त्यावर तिनं पहिलं दळण दळलं होतं.

"मास्तरनं मरेस्तोवर धुरा धुरा केलं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तं ओळख नोहती राहिली कोनाची. पन धुरा म्हटलं का उठून बसत."

सूर्यभान खाली, ती वर. ती त्याच्या टकलाकडे बघून बोलत होती.

"चुकलं आमचं. म्याबी म्हटलं होतं चोर. विहिरीवर, चार बायांत म्हटलं होतं. माफी मागतो."

"जाऊ दे वयनी."

"कशाले जाऊ देऊ? माफी मागतो म्हटलं, माती सोडतो नाई म्हटलं." तिचा आवाज आता खणखणीत झाला. "गोट्यावरची सगयी माती आमची. पट्टाबी आमचा. दोनीबी घेईन मी."

बंडू काहीतरी म्हणायला निघाला, पण त्याआधीच खड्ड्यातून हसण्याचा आवाज आला. सूर्यभान हसत होता, डोळे पुसत हसत होता. "घे ना माय! घे! तेच तं म्हणून राहिलो. लेखी घे, मोजून घे."

"शिवम," मैनाबाईनं नातवाला फर्मावलं, "त्या रस्त्यावाल्याले नाई म्हणून सांग."

"आजी, आधी माती तं वर येऊ दे."

"येते. तू सांग आधी. मशीन आलं तं त्याच्यापुढं मी झोपन."

शिवमनं फोन काढला आणि बांधाच्या पलीकडं जाऊन बोलू लागला. त्याचे हातवारे लांबून दिसत होते. पलीकडचा माणूस चिडला असावा. प्रणालीनं मध्येच त्याला ओरडून सांगितलं, "अन् दादा, सकाळी तू ज्या दोन ट्रॉल्या भांडून नेल्या ना, त्या खालच्या पिवळ्या मातीच्या होत्या. चुनखडी आहे नुसती. पसरू नको वर. आहे तेही जाईल."

"आता सांगतं?" शिवम फोन कानाला तसाच धरून ओरडला. ललितला पहिल्यांदा हसू आवरलं नाही, आणि त्याच्यामागून बंडूलाही. हसता हसता बंडूनं ट्रॉलीच्या ड्रायव्हरला हात केला, भट्टीकडे नको, तोंड वर फिरव म्हणून.

"पाऊस आला का पुन्हा खालीच येईन ना हे?" तो सत्यवतीला म्हणाला. कुरकुर होती, पण विरोध नव्हता.

"येईन. पन आडवं नांगरलं, बांध घातले तं हळू येईन. अन् आली तं नेऊ पुन्हा."

"तू नेशीन टोपल्यानं?"

"तुले पाठवीन. तुया बायकोले, जावयाले, सगयाईले."

उन्हं कलली होती. ललितनं मशीनचा हात पुन्हा उचलला. आज वरचा थर काढून घेतला की उद्या सण, मग परवापासून ट्रॉल्या. गोट्यांची ओळ मधे येत होती. "काकाजी, हे गोटे काढून बाजूले ठेवू काय? का बुजवून टाकू? रातच्याले जनावर पडन खड्ड्यात."

सूर्यभान अजून तिथंच होता, तळीला टेकून. वर यायला त्याला दोघांचा आधार लागला. काठावर आल्यावर तो मैनाबाईपासून जरा अंतरावर बसला आणि धोतराच्या सोग्यानं हात पुसत राहिला. हातांची माती निघत नव्हती. हसू आता त्याच्या तोंडावर नव्हतं.

"वयनी, तुले दाखवलं," तो म्हणाला. "बरं झालं. पन ज्याले दाखवाचं होतं तो तं गेला ना."

मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. सत्यवतीच्या मनात आलं, दादाला हे एकदा बघता आलं असतं तर तो काय म्हणाला असता? कदाचित काहीच नाही. मास्तर होता. चूक लक्षात आली की खडू उचलून गप फळ्याकडे वळायचा.

"काय करू काकाजी?" ललितनं पुन्हा विचारलं.

"बुजवू नको," सूर्यभान म्हणाला. "काढूही नको. भवताल काटेऱ्या लाव, जनावर येणार नाई. आजची रात उघडंच राहू दे. उद्या आखजी हाये. पाणी प्याले येईन दादा. त्याले पाहू दे."